पाण्याचा रोजा

समुद्रातून मासळी घरी आणणाऱ्या बाया रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात पैशाला पासरी. समुद्रातून नुसतं पाणी आणणारी मी एकटीच. त्यावरून माझी जी थट्टा झाली ती विचारू नका. जेट्टीवर टोपल्या घेऊन बसलेल्या बाया मला हाक मारायच्या, "काय गो, आज पाण्याचा भाव काय?" मीही काही कमी नव्हते. "तुझ्या बांगड्यापेक्षा ताजं आहे," असं सांगून पुढे जायचे. माझ्या तोंडाला लागून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, हे आमच्या मोहल्ल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मी रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाले तेव्हा आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. पुरुष एक तर समुद्रावर, नाही तर आखातात. आणि मुलींचं शिक्षण म्हणजे निकाह ठरेपर्यंतचा टाइमपास. अब्बांनी मात्र मला अडवलं नाही. ते तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य. होडीवर त्यांचा शब्द शेवटचा आणि घरात अम्मीचा. अम्मीने एकदाच सांगितलं, "शिकू द्या तिला. नाही तरी हिच्या जिभेला साजेसा नवरा इतक्यात गावायचा नाही." झालं, माझी वाट मोकळी झाली.

१९९८ साली मला समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका प्रयोगशाळेत हंगामी नोकरी लागली. काम ऐकायला अगदी सोपं. महिन्यातून एकदा दीपगृहाच्या बाहेर ठरलेल्या जागी होडीने जायचं, दोन बाटल्या पाणी आणायचं आणि त्या पाण्याचा पीएच मोजायचा. आपण हवेत जो धूर सोडतो त्यातला बराचसा कार्बन डायऑक्साइड समुद्र गिळतो. गिळला की पाण्याचा मूळचा स्वभाव हळूहळू आम्लाकडे सरकतो. म्हणजे समुद्र काही लिंबासारखा आंबट होत नाही, चवीला तर काहीच कळत नाही. पण कालवं आणि तिसऱ्या आपली कवचं ज्या मालाने बांधतात, तो माल अशा पाण्यात त्यांना महाग पडतो. आज पेपरात 'समुद्राचं आम्लीकरण' असं छापून येतं. तेव्हा तो शब्द आमच्या सरांच्याही तोंडी नव्हता. ते एवढंच म्हणायचे, "आजचं पाणी आज नीट मोजून ठेवा. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं, तर आजचं पाणी कुठून आणणार?" हे वाक्य मला इतकं पटलं की त्या दिवसापासून मी सरांच्या घाटी बोलण्याची नक्कल करणं सोडलं. निदान त्यांच्यासमोर तरी.

सर मुळात कोल्हापूरकडचे. भाट्याच्या पुलावरून खाडी बघितली तरी त्यांच्या पोटात ढवळायचं. त्यामुळे होडीवर जायचं ते मीच, हे पहिल्या दिवशीच ठरलं. होडी कुणाची, हा प्रश्नच नव्हता. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र उघडला तसा मी अब्बांना विचारलं. आमच्याकडे नारळ कोळ्यांचा असला तरी मुहूर्त सगळ्यांचा असतो. त्याच्या आधी कुणी होडी लोटत नाही. अब्बा म्हणाले, "ये की. फक्त पाणीच न्यायचंय ना? समुद्राला काय कमी पडतंय!"

पण बाईमाणूस होडीवर म्हटल्यावर खलाशांची तोंडं वाकडी झाली. अब्बांचा धाकटा भाऊ, माझा चाचा, तोच सगळ्यांत पुढे. "बाई चढली की जाळं रिकामं येतं," म्हणाला. अब्बा त्याच्यावर खेकसले, "ती बाई नाय. ती सरकारी माणूस हाय." त्यानंतर कुणी ब्र काढला नाही. मला मात्र आपण नक्की काय आहोत याचा थोडा वेळ विचार पडला होता.

आता खरी गोम बाटलीत आहे, ती सांगते. पाणी बाटलीत भरायचं ते नळीने, तळापासून, आणि बाटली भरून ओसंडेपर्यंत. मग काचेचं बूच असं लावायचं की आत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा राहिला की त्यातली हवा पाण्यात मिसळते आणि आकडा बिघडतो. प्रयोगशाळेतल्या टेबलावर हे काम मी डोळे मिटून करीत होते. होडीवर मात्र माझी पार फजिती झाली. बूच टेकवायला जावं तर होडी डावीकडे कलायची, निम्मं पाणी माझ्या सलवारीवर आणि बाटलीत हा एवढा बुडबुडा! खलाशी तोंड फिरवून हसायला लागले. मी रडायच्या बेतात आले होते.

तेव्हा अब्बा उठून आले. त्यांनी वाहती बाटली माझ्या हातातून घेतली, तिच्या तोंडावर उजव्या हाताचा अंगठा गच्च दाबला, उलटी करून बुडबुडा नाही ना ते बघितलं, पुन्हा सरळ केली. मग अंगठा एका बाजूने सरकवत दुसऱ्या बाजूने बूच असं आत घातलं की मध्ये हवेला शिरायला फटच मिळाली नाही. "ही घे. आता दुसरी दे," म्हणाले. डिझेलच्या नळीत हवा शिरू नये म्हणून ते असाच अंगठा लावायचे. मी बघतच राहिले. माझा बाप पाण्याला असा हाताळत होता, आणि मला छाती फुगवून सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं, बघा, हे माझे अब्बा!

सांगायची गरजच पडली नाही. ते काम अब्बांनी स्वतःच केलं. आठवड्याभरात अख्ख्या जेट्टीला कळलं की सरकारी पाणी अब्बांच्या अंगठ्याखालून जातं. चहाच्या टपरीवर ते रिकाम्या बाटलीवर करून दाखवायचे. एकाने विचारलं, "तांडेल, ह्या पाण्याचं करतात काय?" तर म्हणाले, "ते माझ्या पोरीला ठाऊक. बूच मला ठाऊक."

दोन बाटल्यांपैकी पहिली आम्ही आमच्याकडे मोजायचो. दुसरी बर्फात घालून, हातखंब्याला महामार्गाच्या नाक्यावर गोव्याच्या गाडीत चढवायची, ती तिकडच्या मोठ्या प्रयोगशाळेत जायची. बर्फाला मिरकरवाड्यात तोटा नाही. तिकडच्या बाई तेच पाणी मोजायच्या. दोन्हीकडचे आकडे जुळले तर आमचं काम खरं. किनाऱ्यावरच्या किती तरी बंदरांचं पाणी त्या असं ताडून बघत होत्या, त्यात आमची रत्नागिरी होती याचा मला भारी अभिमान.

आणि आकडे जुळेनात. सप्टेंबरचे नाहीत, ऑक्टोबरचे नाहीत, नोव्हेंबरचे नाहीत. दर वेळी आमची बाटली चढी. कधी थोडी, कधी बरीच, पण चढीच. गोव्याच्या बाई फोनवर अगदी गोड आवाजात म्हणायच्या, "तुमच्याकडचं मशीन एकदा बघून घ्या हं." मला तो 'हं' असा झोंबायचा की नाकाला मिरच्या. मशीन मी बघितलं. काचेचा इलेक्ट्रोड नवा घातला. ऊर्ध्वपातित पाणी बदललं, द्रावणं नवी केली, बाटल्या आम्लाने धुऊन पुन्हा धुतल्या. सर बिचारे मागे उभे राहून, "राहू द्या, राहू द्या, होतं असं," म्हणायचे. मी त्यांच्यावरही डाफरले. काही होत नाही असं! पाणी एक, समुद्र एक, जागा एक, मग दोन बाटल्यांत दोन आकडे यायला काय भूत शिरलंय का त्यात?

डिसेंबरची बाटलीही चढी आली. मग थंडीत रमजान लागला आणि जानेवारीची बाटली अशी जुळली की मला फोनवर दोनदा विचारावं लागलं. सरांनी पेढे आणले, मी रोजा सुटल्यावर दोन खाल्ले. आपल्या हाताला अखेर वळण आलं, असं वाटून मी आठवडाभर जमिनीवरून चालतच नव्हते. फेब्रुवारीची बाटली पुन्हा चढी. या वेळी फोनवर 'हं' नव्हता. बाई म्हणाल्या, "मार्चची शेवटची संधी. नाही जुळलं तर रत्नागिरी वगळावी लागेल. दुसऱ्या बंदराला घेऊ."

रत्नागिरी वगळावी लागेल! माझी नोकरी जाणार याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त हे लागलं, की पन्नास वर्षांनी कुणी विचारेल आणि सगळ्या किनाऱ्याचं पाणी सापडेल, फक्त आमच्या समुद्राच्या जागी कोरं असेल. जणू आम्ही इथे नव्हतोच. मी त्या संध्याकाळी घरी येऊन जेवले नाही, आणि मी जेवत नाही म्हणजे काहीतरी मोठं झालंय हे अम्मीला न सांगता कळतं.

ती पडवीत केर काढत होती. अब्बांची बसायची जागा पडवीतल्या खांबाजवळ, आणि त्यामागची भिंत म्हणजे त्यांचं तंबाखूचं फडकं. डाव्या तळहातावर तंबाखू घ्यायची, डबीतला चुना लावायचा, उजव्या अंगठ्याने मळायची आणि अंगठ्याला उरलेला चुना भिंतीला पुसायचा. अशी ती भिंत पांढऱ्या बोटांनी भरलेली. अम्मी केरसुणी आपटून म्हणाली, "रोज्याचा महिना होता तोवर भिंत कशी साफ होती! ईद झाली नाही तोच लागले पुन्हा पुसायला!"

मी भिंतीकडे बघितलं. अम्मीकडे बघितलं. मग उठून अम्मीला अशी मिठी मारली की केरसुणी तिच्या हातातून पडली. "वेड लागलं काय गो?" ती म्हणाली. लागलंच होतं. चुना! चुन्याने पाण्याचा पीएच चढतो, हे मी शाळेत शिकले होते. आणि रोज्यात दिवसभर होडीवर कुणी तंबाखूला हात लावत नव्हतं. पहिल्या बाटलीला अब्बांचा अंगठा लागायचा, त्यावरचा चुना तिच्यात जायचा. दुसऱ्या बाटलीच्या वेळेपर्यंत अंगठा पाण्याने धुतला गेलेला असायचा. पहिली आमची, दुसरी गोव्याची. म्हणून आमची चढी!

दुसऱ्या दिवशी अब्बांची डबी पळवून मी प्रयोगशाळेत गेले. अंगठ्याला चुना लावून पुसला, समुद्राच्या पाण्यात बुडवला आणि मशीनवरचा आकडा सरसर वर चढला. सर "अरेच्चा! अरेच्चा!" करत राहिले. मी मात्र हसताहसता थांबले. हे अब्बांना सांगायचं कुणी?

आपलेच दात, आपलेच ओठ. ज्या अंगठ्याची कीर्ती त्यांनी अख्ख्या बंदरात केली होती, तोच अंगठा पाणी बिघडवत होता हे त्यांच्या तोंडावर सांगायचं. मी अम्मीला म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, "शिकलीस तू. रसायन तुझं. मी फक्त भिंत पुसणारी." मग मीच सांगितलं. अब्बा पडवीत फाटलेलं जाळं तुणत होते. मी अगदी हळू, शब्द तोलून बोलले. असं मी आयुष्यात फार थोड्या वेळा केलं आहे.

अब्बांचा हात थांबला. त्यांनी अंगठा डोळ्यांसमोर धरून बघितला. मग म्हणाले, "म्हणजे माजा हात घाण?"

"घाण नाही, अब्बा. चुना—"

"चाळीस वर्षं ह्या हाताने होडी चालवली. तुमची पोटं भरली ह्याच हाताने. तेव्हा नाय चुना लागला कुणाला!" ते उठले. "दुसरी होडी बघ."

सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, तसला माझा बाप, आणि मीही त्यांचीच मुलगी. मी म्हटलं, "बघेन!" आणि आत जाऊन दार आपटलं. चार दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. जेवताना त्यांना मीठ हवं असलं तर ते अम्मीला सांगायचे, अम्मी मला सांगायची, मी अम्मीला द्यायचे, अम्मी त्यांना द्यायची. शेवटी अम्मीने मिठाचं भांडं मध्ये आदळलं आणि म्हणाली, "मी काय टपाल ऑफिस आहे?"

दुसरी होडी मी खरंच शोधली. पण मार्चचा महिना, मासळीचे दिवस. कोण आपली फेरी बुडवून पाण्याच्या बाटल्यांसाठी थांबणार? आणि खरं सांगायचं तर सगळे अब्बांना बिचकून होते. तांडेलाच्या पोरीला तांडेलाच्या मर्जीविरुद्ध होडीवर कोण घेणार? ठरलेल्या दिवशी सकाळी मी बाटल्यांची पेटी उचलून जेट्टीवर गेले, ती कुणाचे तरी पाय धरायचे या तयारीनेच.

आमची होडी धक्क्याला लागलेली होती. अब्बा सुकाणूपाशी पाठ करून बसले होते. चाचा आणि खलाशी एका ओळीत, लग्नाच्या पंगतीत वाढप्याची वाट बघत बसतात तसे गंभीर. मी जवळ गेले आणि बघते तर काय, सगळ्यांचे हात लालभडक! नवरीच्या मेंदीला लाजवतील असे.

"हे काय केलंत?" मी ओरडले.

चाचा अभिमानाने म्हणाला, "आज कोणी तंबाखूला शिवलं नाय. भावजयीने सांगितलं, चुना आंबटाने जातो. म्हणून भाईंनी सगळ्यांना कोकमाच्या आगळात हात घासायला लावले. तीन तीनदा!"

मी कपाळावर हात मारला. "अहो अब्बा, चुन्याने आकडा चढतो तसा कोकमाने उतरेल!"

अब्बांनी मान वळवली. चार दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "मंग दोन्ही मिळून बरोबर येईल की!"

मला हसू आवरेना. पेटी खाली ठेवून मी धक्क्यावर फतकल मारून हसले, आणि हसताहसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ज्या माणसाला सकाळी डबी सापडली नाही तर घर डोक्यावर घ्यायची सवय, तो उपाशी तोंडाने, लाल अंगठा घेऊन माझी वाट बघत बसला होता. एवढं सगळं करूनही 'चुकलं' हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून निघणार नव्हता. निघालाही नाही, आणि मला नकोच होता.

मग मी कायदा सांगितला. साबण नाही, साबणही पाणी बिघडवतो. सगळ्यांनी नुसत्या समुद्राच्या पाण्याने हात धुवायचे आणि बाटलीला माझ्याशिवाय कुणी शिवायचं नाही. "मंग बूच कोण लावणार?" अब्बांनी विचारलं. मी म्हटलं, "मी." त्यांची भुवई वर गेली ती मी बघितली.

बाहेर दीपगृहापलीकडे पोचलो तेव्हा वारा पडायला हवा होता, तो उलट वाढला होता. मी पहिली बाटली भरली, बूच टेकवलं. बुडबुडा. पुन्हा भरली. बुडबुडा. तिसऱ्यांदा तर बूचच हातातून निसटलं, ते चाचाने पायाने अडवलं. आता कुणीही हसत नव्हतं, तेच जास्त वाईट होतं. समोर अब्बांचा अंगठा होता, आणि मीच त्याला मनाई केली होती.

अब्बा उठले. माझ्याकडे आलेच नाहीत. त्यांनी चाचाला बाजूला सारून सुकाणू हातात घेतलं, इंजिन हळू करायला सांगितलं आणि होडीचं तोंड लाटांना सरळ धरलं. "बाटली भरून ठेव. बूच हातात धर. मी सांगेन तेव्हा लाव," म्हणाले. मी भरली. होडी चढत होती, उतरत होती. अब्बा माझ्याकडे बघतही नव्हते, पुढून येणाऱ्या पाण्याकडे बघत होते. "थांब," म्हणाले. एक मोठी लाट गेली. "थांब गो." दुसरी गेली. मग समुद्र एकदम नरम पडला, होडी आमच्या पडवीसारखी स्थिर झाली. "आता!"

मी बूच दाबलं. बाटली उलटी केली. आत नुसतं पाणी.

"बुडबुडा?" त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"नाही, अब्बा."

"दुसरी घे."

दुसरीही तशीच लागली. परत येताना कुणी तंबाखू काढली नाही. पेटी जेट्टीवर उतरेपर्यंत चालणार नाही, असं अब्बांनी बजावलं होतं. एका खलाशाने कुरकुर केली तर म्हणाले, "रोजा हाय समज. पाण्याचा रोजा."

दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. फोन आला तेव्हा सरांनी घेतला, ऐकत राहिले, आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. गोव्याच्या बाई म्हणाल्या, "जुळलं. अगदी जुळलं. या वेळी काय बदललंत हो?" मी म्हटलं, "अंगठा." मग मी सगळं सांगितलं, चुना, रमजान, भिंत, कोकम. बाई अशा हसल्या की सरांनाही ऐकू आलं. म्हणाल्या, "रत्नागिरी चालू राहील. आणि तुमच्या वडिलांना माझा सलाम सांगा."

मी तडक जेट्टीवर गेले. लिलाव रंगात आला होता. अब्बा माणसांच्या गर्दीत सुरमईचा भाव तोडत होते. मी लांबूनच ओरडले, "अब्बा, जुळलं!"

टोपलीवाल्या बाया चमकून वळल्या. "काय गो, लग्न जुळलं?"

मी काही बोलायच्या आत अब्बाच गरजले. "लग्नाचं काय घेऊन बसलात! आमच्या समुद्राचं पाणी जुळलं! गोव्यापर्यंत!" एवढं बोलून त्यांनी लुंगीच्या घडीतून डबी काढली, ऐटीत तंबाखू मळली आणि सुरमई ठरल्या भावापेक्षा स्वस्तात देऊन टाकली.

त्यानंतर किती तरी वर्षं आम्ही पाणी आणलं. 'पाण्याचा रोजा' हा होडीचा नियमच झाला. नवा खलाशी आला की चाचा त्याला आधी तो सांगायचा, जाळं कुठे ठेवायचं ते मागाहून. आमची होडी दुरुस्तीला चढली तेव्हा एका कोळ्याच्या होडीने पाणी आणलं, तर त्याच्या माणसांनीही न सांगता रोजा पाळला. माझी हंगामी नोकरी कायम झाली. नव्या शतकाची वर्षं लागली, लोकांच्या हातात मोबाइल आले, आणि सरांनी एकदा सगळ्या किनाऱ्याचे आकडे एका मोठ्या कागदावर ठिपके मांडून आणले. तो कागद मी घरी नेला. अब्बांनी चष्मा लावून तो उलटासुलटा बघितला आणि विचारलं, "ह्यात आपले कुठले?" मी दाखवले. त्यांनी ठिपक्यांना बोट लावलं नाही. बोट वरच्यावर धरून, कागदाला न शिवता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं.

पुढे त्यांचे गुडघे गेले. होडी चाचाने हातात घेतली, 'थांब' आणि 'आता' तोच म्हणायला लागला. अब्बा दिवसभर पडवीत. अशाच एका पाण्याच्या दिवशी मी दुपारी पेटी घेऊन परत आले तर अब्बांचा पारा चढलेला. मांजरावर ओरडून झालं होतं, शेजाऱ्याशी भांडून झालं होतं, आता पेपराला शिव्या चालू होत्या. मी अम्मीला म्हटलं, "यांना झालंय तरी काय?"

अम्मी म्हणाली, "रोजा आहे ना त्यांचा."

"कसला रोजा? रमजान लांब आहे."

"तुझा. तू पाण्याला गेलीस की हे सकाळपासून डबीला हात लावत नाहीत. होडी सोडल्यापासून एकदासुद्धा चुकले नाहीत. तुला सांगायचं नाही म्हणून दम दिलाय मला."

मी अब्बांसमोर जाऊन उभी राहिले. मी माझ्याच पद्धतीने विचारलं, "काय हो अब्बा, तुमचा अंगठा इथे, बाटली तिथे समुद्रात. इथे बसून चुना खाल्लात तर तिकडे कसा जाणार?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढी शिकून हिला काहीच कसं कळत नाही. मग पेटीकडे बघितलं.

"बुडबुडा?"

"नाही, अब्बा."

"मंग दे ती डबी."

मी डबी दिली. त्यांनी निवांत तंबाखू मळली, चिमूट ओठात धरली आणि अंगठ्यावरचा चुना भिंतीला पुसला. अम्मी आतून ओरडली, "काल रंग दिलाय भिंतीला!" एरवी मी तिचीच बाजू घेऊन भांडते. त्या दिवशी गप्प बसले.